बावतीसचा रुसलेला तांब्या

ऐका पोरांनो, एकदा काय झालं, एका भल्या माणसाच्या हातातला तांब्या रुसला. हसू नका, खरंच रुसला. माणसं रुसतात, मांजर रुसतं, मग तांब्यानंच काय घोडं मारलंय?

तो माणूस म्हणजे बावतीस. खाडीकाठच्या एका गावातली सगळी मिठागरं त्याची. माणूस मोठा भाविक, बरं का. रोज देवळात जायचा आणि प्रार्थना अशी खणखणीत म्हणायचा की मागच्या बाकावर पेंगणाऱ्या म्हाताऱ्यांनाही जाग यायची.

आता त्या गावाची एक रीत होती. प्रभू येशूनं मरणाच्या आदल्या रात्री कमरेला पंचा बांधून आपल्या बारा शिष्यांचे पाय धुतले, ठाऊक आहे ना? त्याची आठवण म्हणून पवित्र गुरुवारी गावच्या मानकऱ्यानं देवळात बारा जणांचे पाय धुवायचे. ते बारा जण कोण, हे चिठ्ठ्या टाकून ठरायचं. मानकरी अर्थातच बावतीस.

त्याला हे काम फार आवडायचं. गुडघे टेकले की अख्खं देऊळ आपल्याकडे बघतंय, हे त्याला न बघता कळायचं. पण चिखलाचा त्याला भारी तिटकारा. म्हणून तो बाराही जणांना आधीच निरोप धाडायचा, "पाय काथ्यानं घासून, तेल लावून या." मग धुतलेले पाय तो परत धुवायचा. काय गं सिसिल, आहे की नाही गंमत?

एका वर्षी चिठ्ठी निघाली रजीनमावशीची. ही बावतीसच्याच मिठागरात मीठ ओढायची. जन्मभर खाऱ्या पाण्यात उभं राहून तिच्या पायांना अशा भेगा पडल्या होत्या की त्यात मिठाचे खडे अडकून बसायचे. काथ्या तिनंही घासला हो. रक्त आलं, भेगा काही गेल्या नाहीत. तरी बिचारी नवं लुगडं नेसून देवळाच्या दारात आली.

बावतीसनं तिचे पाय पाहिले. मग हळूच म्हणाला, "मावशी, हे पाय चारचौघांत बरे दिसायचे नाहीत. तू जा घरी. तुझ्या जागी मी माझ्या मेहुण्याला बसवतो."

 मावशीनं लुगडं पायांवर ओढून घेतलं आणि आल्या पावली परत गेली.

मग देवळात घंटा झाली. बावतीसनं पहिल्या पायांवर तांब्या कलता केला. थेंब नाही! आत बघितलं तर तांब्या काठोकाठ भरलेला. मग त्यानं ते पाणी ओतून टाकून विहिरीचं ताजं भरायचं ठरवलं, तर ओतून टाकायलाही ते बाहेर पडेना. मग फादरांनी त्यात आशीर्वादाचं पाणी शिंपडलं. तरी नाही. मग बावतीसनं तांब्या पार उपडा धरला. पाणी आतच चिकटून राहिलं. मागून कुणीतरी खुदकन हसलं आणि बावतीसचे कान लाल झाले. पाय धुतल्याशिवाय मिस्सेची प्रार्थना पुढे जायची नाही, आणि पाणी तर येत नाही.

फादर म्हणाले, "बावतीस, चिठ्ठी रजीनची निघाली होती. रजीन कुठाय?"

"मी तिला घरी पाठवली," असं त्याला सगळ्यांसमोर सांगावं लागलं. का पाठवली, हे मात्र सांगता येईना. 

मग तो तांब्या उचलून तसाच मिठागरावर धावला. मावशी जुनं लुगडं नेसून मीठ ओढत होती.

"मावशी, चल लवकर! देऊळ खोळंबलंय, माझी अब्रू चाललीय!"

बघा, अजून त्याला स्वतःचीच अब्रू दिसत होती. मावशी म्हणाली, "नको मालक. माझे पाय आता माझे मलाच बघवत नाहीत." आणि तिनं दोन्ही पाय घोट्यापर्यंत चिखलात खुपसून लपवले.

ते पाहिलं आणि बावतीसच्या काळजात चर्र झालं. या पायांची लाज तिला सकाळपर्यंत नव्हती. ती आपण तिला दिली. आणि आपल्या घरातला घास न् घास याच पायांनी दिलाय. त्याला इतकी शरम वाटली, इतकी शरम वाटली, की तिच्या तोंडाकडे बघवेना.

मग तो तिथंच चिखलात बसला. बघायला होतं कोण? दोन बगळे. त्यानं मावशीचा पाय उचलून आपल्या मांडीवर घेतला आणि म्हणाला, "मावशी, मी चुकलो." तांब्या कलता केला. तरी थेंब नाही! मग त्यानं तांब्या बाजूला ठेवला आणि बोटांनीच भेगांतला एकेक खडा काढायला लागला. मऊ हात ते, कामाची सवय कुठली? मीठ झोंबलं, बोटं लालेलाल झाली. तरी त्यानं दुसराही पाय मांडीवर घेतला.

मावशीला राहवेना. "अगं बाई, हात सोलवटले की! आणा इकडे." तिनं तांब्या उचलून त्याच्या हातांवर कलता केला. आणि काय सांगू, पाण्याची धारच लागली!

बावतीसनं हात मागे ओढले. "नको मावशी. तू माझे हात धुवावेस, एवढी माझी लायकी नाही."

"गप बसा," मावशी म्हणाली. "प्रभू पाय धुवायला बसला तेव्हा पेत्रसुद्धा असंच नको नको म्हणाला होता."

मग बावतीसनं हात पुढे केले. इतक्या वर्षांत त्यानं कितीतरी पाय धुतले, पण आपले हात धुऊन घेणं त्याला त्या सगळ्यांहून जड गेलं. लाजेनं त्याची मान वर होईना, आणि मावशी तर लहान लेकराचे धुवावेत तसे हात धूत होती.

मग दोघं देवळात आली. मेहुणा मुकाट उठला. मावशी चिखलाच्या पायांनी खुर्चीवर बसली. बावतीसनं आपण काय केलं होतं ते सगळ्यांना सांगितलं, काही लपवलं नाही. मग तांब्या मावशीच्या हातात दिला आणि म्हणाला, "पाणी तू ओत. मी पाय चोळतो." बाराही जणांचे पाय तसेच धुतले, तिनं ओतायचं आणि त्यानं चोळायचं. तांब्या एकदाही अडला नाही.

मग मिस्सा झाली, माणसं घरी गेली, पेज प्याली आणि सुखानं निजली. बावतीसही निजला, पण जरा उशिरा. त्याला अजून लाज वाटत होती, आणि ती जावी असं त्याला वाटत नव्हतं.

चला, आता क्रूसाची खूण करा आणि डोळे मिटा. उद्या सकाळी पाणी ओढायला कोण उठतंय, ते बघते मी.