नव्व्याण्णव वर्षं थांबा

मागचं शतक संपत आलं होतं, तेव्हाची गोष्ट. अनसूयाताईंच्या श्रीखंडाच्या दुकानात एक कॉम्प्युटर होता. ताई म्हणाल्या, "नव्या वर्षात गोंधळ नको. आजच पुढची तारीख घालून बघू."

"माझी परीक्षा? मी कधी चुकलोय?" कॉम्प्युटर फुगला.

ताईंनी १ जानेवारी २००० घातली. कॉम्प्युटरला वर्षाचे शेवटचे दोनच आकडे कळत. त्याला वाटलं, १९०० उजाडलं. ताजा डबा पाहून तो ओरडला, "ताई, हे श्रीखंड अजून बनलेलंच नाही! नव्व्याण्णव वर्षं थांबा!"

डब्यांवर तारीख उठवणारा रबरी शिक्का खो खो हसला.

"आता तू ये," म्हणत ताईंनी त्याचा वर्षाचा पट्टा फिरवला. ९९ च्या पुढे नुसतं कोरं रबर!

शिक्क्याचं हसू जागीच थांबलं. कॉम्प्युटर हळूच म्हणाला, "दुरुस्तीवाला उद्या येतोय. तुझंही सांगू का?"