पाहुण्याकडे पाठ

मंडळी, हसू नका. आमच्या तंजावरात पाहुण्याची किंमत नाही, असंही समजू नका. या मंडपात नाच सुरू झाला की झांजेवर ताल धरणारा गुरू, ज्याला इथे नट्टुवनार म्हणतात, तो मुख्य पाहुण्याकडे चक्क पाठ करून बसतो. मग पाहुणा कलेक्टर असो की मठाधिपती. मागे एक बडे गृहस्थ यावरून रुसून उठून गेले. जाऊ दिलं आम्ही.

असं सांगतात की फार पूर्वी, या गल्लीत घरटी वीणा वाजत होती त्या काळात, माणिक्कम नावाचा नट्टुवनार इथे राहायचा. कनकवल्ली त्याच्या बहिणीची मुलगी. बहीण वारली तेव्हा पोर रांगत होती. त्यानेच तिला वाढवलं आणि चालायला लागली तशी नाचायला शिकवलं. तिच्यासारखी नाचणारी कावेरीच्या दोन्ही तीरांवर नव्हती म्हणे.

एकदा उत्तरेकडून एक सरदार दरबारचा पाहुणा म्हणून आला. आजवर कुणाच्याही कलेला त्याने मान डोलावली नव्हती, अशी त्याची ख्याती. झालं, सगळं शहर इरेला पेटलं. कवी, गवई, चितारी आपापली कला दाखवून आले. सरदार ढिम्म. शेवटी कनकवल्लीचा नाच ठरला, दुपारच्या मेजवानीनंतर, याच मंडपात.

तिला त्या दिवशी ताप होता.

"मामा, आज थोडकंच नाचते हं," ती म्हणाली.

"थोडकंच नाच. तू डोळ्यांनी खूण कर, मी झांज थांबवतो," माणिक्कमने तिच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं.

रिवाज असा की पाहुण्याने तबकातला विडा उचलला म्हणजे नाच संपला. त्याआधी थांबणं हा पाहुण्याचा अपमान. तरी माणिक्कमने शब्द दिला, आणि तो शब्दाचा पक्का म्हणून ओळखला जायचा.

नाच रंगला. आणि काय सांगू, सरदाराची मान हलली! एकदा, मग पुन्हा. डोळे मिटलेले. डोळे मिटून ऐकणारे रसिक आमच्याकडे गल्लोगल्ली, त्यामुळे सगळ्यांना वाटलं, पाहुणा तल्लीन झाला. माणिक्कम त्याच्या समोरच बसला होता. त्याची नजर त्या मानेवरून हटेना.

कनकवल्लीने खूण केली. त्याने ती पाहिली. होय, पाहिली, असंच आमचे वाडवडील सांगत आले, आणि मला ते अजून पचत नाही. त्याने लय वाढवली. तिने पुन्हा खूण केली. मान आणखी जोरात डोलू लागली, माणसं आनंदाने रडू लागली, झांज काही थांबेना. ताल चालू असताना थांबायचं नाही, हे त्यानेच तिला शिकवलं होतं. पोर ओठ चावून नाचत राहिली.

मग ती कोसळली. माणिक्कमने धावत जाऊन तिचं डोकं मांडीवर घेतलं, हाका मारल्या. श्वास नव्हता. कुणाची तरी किंकाळी फुटली, तसा सरदार दचकला. त्याने डोळे चोळले आणि शेजाऱ्याला विचारलं, "सुरू झाला का नाच?"

प्रवासाने आणि जेवणाने सुस्तावलेला माणूस पहिल्या पदापासून डुलक्या घेत होता. कलेची जाण मिरवणाऱ्या आमच्या सबंध शहराला ते कळलं नाही. लाज वाटते हो सांगताना.

माणिक्कमने पुढे कित्येक वर्षं झांजेला हात लावला नाही म्हणे. लावला तेव्हा तो पाहुण्याकडे पाठ करून बसला, नाचणाऱ्या मुलीच्या चेहऱ्याकडे बघत. आजही इथला नट्टुवनार तसाच बसतो. मुलीने खूण केली की झांज त्याच क्षणी थांबते, ताल अर्धा राहिला तरी. एखादी बाई तांब्याभर पाणी घेऊन पुढे जाते, आणि मुलीचं पाणी पिऊन होईस्तोवर आम्ही सगळे, पाहुण्यासकट, उभे राहतो.