लिंबाजीचे नऊ हात

वाकळेमहाराज त्या वर्षी सांगवणला मुक्कामाला होते. त्यांचे मूळ नाव कुणालाच ठाऊक नव्हते. अंगावर बारा महिने एकच ठिगळांची वाकळ, म्हणून लोक वाकळेमहाराज म्हणत. बोलणे थोडे आणि तेही तिरकस. तरी गावाचा त्यांच्यावर फार जीव होता.

तुम्ही सांगवणला पदराईच्या दर्शनाला याल, तेव्हा टेकडीच्या पायऱ्या संपताच डाव्या ओवरीत एक जुना हातमाग दिसेल. देवळात माग कशाला, असे नवखी माणसे हमखास विचारतात. त्याचे असे आहे. या टेकडीवर आई दगडातून प्रकट झाली, तेव्हा तिच्या अंगावर वस्त्र नव्हते. तिला पहिल्यांदा पाहिले एका कोष्टिणीने. त्या बाईने मान खाली घातली, धावत घर गाठले, दिवस मावळायच्या आत वस्त्र विणले आणि डोळे मिटून आईला नेसवले. तेव्हापासून मार्गशीर्षातल्या अष्टमीला आईला एका दिवसाचे वस्त्र चढते. उगवतीला मागाचे उभे सूत, म्हणजे ताणा, पसरायचा आणि मावळतीच्या आत वस्त्र नेसवायचे. लांबी नऊ हात, मध्ये जोड चालत नाही. नेसवल्यावर पदर गाभाऱ्याच्या उंबऱ्याला टेकलाच पाहिजे. नाही टेकला, तर त्या घराचा मान आईने काढून घेतला असे समजायचे.

हा मान उगळे कोष्ट्यांचा. त्या वेळी घरात विणणारा एकटा लिंबाजी उरला होता, आणि मागच्या अष्टमीनंतर त्याच्या उजव्या हातावरून गाडीचे चाक गेले होते. मधली तिन्ही बोटे दोन-दोन पेरांनी गेली. भला माणूस, कुरकुर केली नाही. आडवे सूत नेणारा धोटा डाव्या हाताने फेकायला शिकला. पण गावात आबाजी दिवटे म्हणून दुसरा कोष्टी होता. त्याचे चार माग, कसबी हात, आणि तोंडाला लगाम म्हणून नाही. तो चारचौघांत म्हणायचा की आईला आता थोट्याच्या हातचे नेसावे लागणार, काय दिवस आले! लिंबाजी ऐकून घ्यायचा. घरी येऊन मात्र बायकोला, गोदाला, म्हणायचा की बाकी काहीही जावो, एवढा मान माझ्या हातून जायला नको.

अष्टमी उजाडली. लिंबाजीने आंघोळ करून ओवरीत ताणा मोजायला घेतला. कोष्टी काही गज घेऊन बसत नाही. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात, असे तो मोजतो. लिंबाजीने जन्मभर उजव्या हाताने मोजले होते, तसेच आजही मोजले. नऊ मोजून थांबला. बोटे उरली नाहीत हे सवयीला कुठून आठवणार? दर हाताला पावणेतीन बोटे कमी पडत गेली. समोर आबाजी उभा होता. त्याची नजर तयार, लिंबाजीच्या पहिल्या हातालाच त्याच्या लक्षात आले. एक शब्द बोलला असता तर सगळे निभावले असते. तो बोलला नाही. पान खात पायरीवर जाऊन बसला.

लिंबाजी दिवसभर जेवला नाही की उठला नाही. कासराभर दिवस उरला तेव्हा वस्त्र मागावरून उतरले. गोदाने घडी घालायला म्हणून आपल्या हाताने मोजले, आणि पुन्हा एकदा मोजले. तिच्या मापानेही नऊ हात भरले नव्हते. बायकांचा हात लहान, खरे तर जास्त भरायला हवे होते. लिंबाजीने आपला हात पाहिला आणि त्याला सगळे कळले. पुन्हा ताणा लावायला वेळ नव्हता. तो तसाच उठून देवळाच्या पारावर बसलेल्या महाराजांकडे गेला. पायांवर डोके ठेवून म्हणाला, "महाराज, माझ्या हातून घराण्याचा मान गेला."

महाराज म्हणाले, "तू मोजलेस किती?"

"नऊच मोजले हो. पण हात..."

"मग ऊठ. दिवस मावळतोय आणि तू इथे लोळतोयस."

देवळात माणसे मावत नव्हती. गुरवाने आईला वस्त्र गुंडाळले, निऱ्या केल्या आणि पदर हातात धरून तो उंबऱ्याकडे मागे सरकत आला. उंबरा हातभर राहिला आणि पदर संपला. गर्दीत कुजबुज सुरू झाली. आबाजी मोठ्याने म्हणाला, "घ्या! सांगत नव्हतो?" गोदाने तोंडात पदराचा बोळा घातला. लिंबाजीला वर बघवेना.

महाराज उंबऱ्यापाशी आले. त्यांनी हात जोडले नाहीत, डोळे मिटले नाहीत. घरातल्या म्हाताऱ्या आईशी बोलावे तसे म्हणाले, "आई, लेकराने नऊच हात मोजलेत. त्याचा हात आता एवढाच आहे. पुढचे तू बघ."

गुरव पुढे जन्मभर सांगत असे की त्याने पदर ओढला नाही. हातातले वस्त्र नुसते सैल पडले, आणि पदर उंबऱ्यावर येऊन टेकला. आधी कुणाला काही कळलेच नाही. मग समोरच्या समईकडे लक्ष गेले. हातभर लांब ठेवलेली समई आता आईच्या पायांना लागली होती. गुरवाने निरांजन उचलून मागे पाहिले. आई आजवर मागच्या भिंतीला चिकटून होती, तिथे आता माणूस आडवा शिरेल एवढी जागा झाली होती. त्या जागी भिंत कोरी होती. तिथे कधी शेंदराचे बोटही पोचले नव्हते. लेकराचा हात पोचेना, म्हणून माउली स्वतः पुढे सरकली होती!

 आबाजीने येऊन महाराजांचे पाय धरले आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "मी सकाळीच पाहिले होते. मुद्दाम गप्प बसलो."

महाराज म्हणाले, "मला काय सांगतोस? ज्याचा मान घ्यायला निघाला होतास, त्याला सांग."

आबाजीने लिंबाजीचा तो तुटका हात दोन्ही हातांत घेतला आणि कपाळाला लावला. मग तो आईच्या मागच्या जागेत शिरला आणि कोऱ्या भिंतीला डोके टेकून बराच वेळ रडला. तुम्ही आलात तर पाहा, त्या भिंतीला आजही कुणी शेंदूर लावत नाही.

पुढच्या अष्टमीला लिंबाजी ताणा मोजायला बसला, तर आबाजी आधीच ओवरीत येऊन बसला होता. "तू विण, मोजून मी देतो," असे म्हणून त्याने उजवा हात पुढे केला. मधली तिन्ही बोटे त्याने मुडपून घेतली होती.