चुकलेल्या गोळीची वाट

“...मग तिन्हींतली कोणती घेऊ, एवढं तरी सांगा!”

हैबतराव नलवडे तिसऱ्यांदा विचारत होते.

दस्तगीर वस्ताद दर्ग्याच्या ओट्यावर बसून चपलेचा तुटका अंगठा शिवत होते. त्यांनी मान वर केली नाही.

संस्थान विलीन होऊन दहा वर्षं झाली होती. त्याआधी तीस वर्षं राजाच्या सिलेखान्यातली प्रत्येक बंदूक वस्तादांच्या हाताखालून गेलेली. राजा शिकारीला निघाला की पुढं वस्ताद चालायचे. आता ते माळावरच्या या दर्ग्याची झाडलोट करीत. बंदुकीला हात लावत नसत. तरी बंदूक घ्यायची म्हटलं की माणसं त्यांनाच विचारायला येत.

हैबतराव शेतकी कॉलेजातून पदवी घेऊन आलेले. वय सव्वीस. जिल्ह्याच्या रायफल क्लबात सलग तीन वर्षं पहिला नंबर. माळाच्या कडेला त्यांचं रान होतं. हरभऱ्याचे शेंडे ससे खुडून नेत, भुईमुगात घुशींनी बिळं केलेली. परवाना हातात आला होता... एकाच रायफलीचा.

समोर घोंगडीवर तीन रायफली होत्या. तिन्ही बारीक नळीच्या, पॉइंट टू-टू मापाच्या. क्लबातल्या ओळखीनं आठवडाभर पाहायला आणलेल्या.

“ही बोल्टची. दर गोळीला बोल्ट मागं ओढायचा. ही आपोआप भरणारी, दहा गोळ्या सटासट जातात. आणि ही एकगोळी. वजनाला हलकी, पण एक चुकली की दुसरी भरेपर्यंत ससा गावात पोचतो.”

“हं.”

“शिवाय काडतुसाचा प्रश्न आहे. पोकळ टोकाची गोळी मांस नासवते म्हणतात. भरीव टोकाची आरपार जाते. वर दुर्बीण बसवावी की नळीच्या टोकावरच्या उघड्या माशीनं नेम धरावा...”

“सशाला तिन्ही पुरतात,” वस्ताद म्हणाले. “साठ-सत्तर पावलांवरनं. कानामागं लागली तर त्याला कळतसुद्धा नाही.”

“आणि घुशीला?”

“घुशीलाही.”

“कोल्ह्याला?”

“कोल्ह्याला नाही. एवढ्याशा गोळीनं तो पडत नाही. बिळात जाऊन आठ दिवस मरत राहतो.”

हैबतराव उठले. ओट्याच्या कडेपर्यंत गेले. परत येऊन बसले. त्यांचा डावा गुडघा थांबायला तयार नव्हता. सकाळपासून वारं सुटलेलं, आणि दर्ग्यावरचं निशाण एकसारखं फडफडत होतं.

“तिन्ही पुरतात,” वस्ताद म्हणाले, “मग तुमचं अडलंय कुठं?”

हैबतरावांनी घोंगडीवरची एक रायफल पुढं सरकवली.

“...सोमवारी चुकली,” ते म्हणाले.

“कोणती?”

“ही. आपोआप भरणारी. ससा टेकाडाच्या माथ्यावर कान उभे करून बसला होता. नव्वद पावलं असतील. मी चार झाडल्या, वस्ताद. चार! तीन कप घेतलेला माणूस मी. ससा उठला आणि चालत गेला. पळालासुद्धा नाही. रायफलीतच खोट असणार. त्या दिवसापासून जेवायला बसलो तरी तो ससा दिसतो.”

“चारही कुठं गेल्या?”

“चुकल्या.”

“चुकल्या, ते कळलं. गेल्या कुठं?”

“गेल्या असतील कुठंतरी. मागं नुसतं आभाळ होतं.”

वस्तादांची सुई थांबली.

...

“काडतुसांची पेटी आहे बरोबर?”

“आहे.”

“तिच्यावर इंग्रजीत बारीक अक्षरांत काही लिहिलेलं असतं. राजेसाहेब वाचून दाखवायचे. वाचा.”

हैबतरावांनी खिशातनं पेटी काढली, फिरवून पाहिली.

“एक मैलाच्या आत धोका. हे सगळ्याच पेट्यांवर असतं, वस्ताद.”

“असतं.”

वस्ताद उठले. अंगठा अर्धाच शिवून झाला होता, तरी चप्पल पायात घातली.

“रायफली आत खोलीत ठेवा. कुलूप लावा. चला.”

“कुठं?”

“मैलभर.”

हैबतरावांना ते पोरकट वाटलं. पण वस्ताद तोवर पायऱ्या उतरले होते.

हरभऱ्याच्या बांधावर पोचायला फार वेळ लागला नाही. मातीत काडतुसांची चार पितळी नळकांडी पडली होती, अजून चकचकीत.

“इथं बसला होता?”

“इथं गुडघा टेकला होता.”

“नळीचं तोंड?”

हैबतरावांनी हात लांब केला. समोर टेकाड होतं, आणि त्याच्यावर आभाळ.

वस्ताद त्या हाताच्या रोखानं चालू लागले. वाटेत बोराटी आली, तिला वळसा घातला नाही. ओघळ आला, त्यात उतरून वर चढले. कुसळं धोतराला चिकटत होती. हैबतराव मागून बोलत होते.

“नेम चुकला असं मला वाटतच नाही. वाऱ्याचा हिशेब मी धरला होता. घोडा ओढताना हात हलला म्हणावं, तर पहिल्या गोळीला हलेल, चारहींना कसा हलेल? उद्या बोल्टची घेऊन पुन्हा त्याच जागी...”

वस्ताद माथ्यावर थांबले होते.

“ससा इथं होता,” ते म्हणाले.

“हो.”

“पलीकडं बघा.”

हैबतराव शेजारी येऊन उभे राहिले. रान त्यांच्या बापाचं, बांध त्यांचा, टेकाड रोज दिसणारं. पण या माथ्यावर ते आयुष्यात कधी चढले नव्हते.

खाली, तीन-चारशे पावलांवर, धनगराचा वाडा बसला होता. मेंढरं कोंडायची जाळ्याची वाघर, दोन पालं, चुलीचा धूर. एक बाई दुधाचं भांडं घेऊन इकडून तिकडं जात होती.

“हे... हे कधी आले?”

“दिवाळी झाली की येतात. दर साली.”

“मला माहीत नव्हतं.”

“मैल संपला का हो?” वस्तादांनी विचारलं.

“...नाही. अजून पुष्कळ आहे.”

वस्ताद उतरायला लागले. हैबतराव मागोमाग उतरले.

वाड्यावरच्या त्या बाईनं, म्हाळाबाईनं, वस्तादांना लांबूनच ओळखलं. पन्नाशीची बाई. डोळे जागरणानं लाल झालेले.

“बरं आलासा, वस्ताद. तुमी जनावराचं जाणता. ह्ये जरा बगा.”

जमिनीवर खुंट्या ठोकून मेंढीचं कातडं ताणलं होतं. लोकर खाली, आतली बाजू वर.

“सोमवारी दुपारी चांगली रवंथ करत बसली हुती. एकदम मान टाकली. फेस न्हाई, काय न्हाई. आमी म्हनलं, पान लागलं. सापानंच डसलं. मांस खाल्लं न्हाई, खड्डा काढून पुरलं. तवापास्नं आमी दोगं नवराबायकू दगूडधोंडं उलथं पालथं करतूय. साप काय घावंना. सून सात म्हैन्याची हाय. तिला भुईवर पाय ठिऊ देत न्हाई. दोन दिस झालं, फळीवर बशीवलीया.”

मागं दगडांवर एक फळी टाकलेली होती. तिच्यावर एक तरुण बाई पाय पोटाशी घेऊन बसली होती. गवत सळसळलं की ती दचकत होती.

वस्तादांनी कातडं पाहिलं. मग ते एक पाऊल बाजूला सरकले.

हैबतरावांना जागा झाली.

मानेच्या भागावर एक भोक होतं. तुरीच्या दाण्याएवढं. गोल. तसली भोकं हैबतरावांनी क्लबातल्या पुठ्ठ्यांवर शेकड्यांनी पाहिली होती. मधोमध पडलेली.

“त्ये व्हय?” म्हाळाबाई म्हणाली. “काटा रुतला आसंल.”

वस्ताद वाऱ्याकडे तोंड करून उभे होते. ते काही सांगणार नाहीत, हे हैबतरावांना कळलं. सांगितलं नाही तर कोणालाच कधी कळणार नाही, हेही कळलं. वर चढून पलीकडं उतरलं की आपलं रान...

“साप नाही,” ते म्हणाले.

“आं?”

“साप नाही, मावशी. गोळी आहे. माझी.”

“कसली गोळी?”

“बंदुकीची. सोमवारी मी पलीकडनं सशावर झाडली होती. चार वेळा.”

म्हाळाबाईनं टेकाडाकडे पाहिलं. कातड्याकडे पाहिलं. मग फळीवरच्या सुनेकडे.

“वाऱ्यात आवाज सुदीक आला न्हाई. चार?”

“हो.”

“एक हिला लागली.”

“हो.”

“मंग ऱ्हायलेल्या तीन कुटं हाईत?”

...

“ठाऊक नाही,” हैबतराव म्हणाले.

म्हाळाबाईचा आवाज चढला.

“माझी सून त्या मेंढीला टेकून बसली हुती! लोकर निवडत हुती! तुमास्नी मानसं दिसत न्हाईत व्हय?”

“दिसली नाहीत. मधे टेकाड होतं.”

“मंग टेकाडावर चडून बगायचं! पाय न्हाईत तुमास्नी?”

हैबतराव उभेच राहिले. मान खाली घालावी की तिच्याकडे पाहावं, ते त्यांना समजत नव्हतं. म्हणून ते भोकाकडे पाहत राहिले.

म्हाळाबाई आणखी काही बोलणार होती. तेवढ्यात तिची नजर उलथून टाकलेल्या दगडांवर गेली. 

“साप न्हाई...” ती स्वतःशीच म्हणाली. मग वळून मोठ्यानं ओरडली, “साप न्हाई गं, जनाबाय! उतर खाली! उतर!”

सुनेनं एक पाय खाली सोडला. भुईला लावून पाहिला. मग दुसरा. आणि उभी राहून रडायला लागली.

वारं तसंच वाहत होतं.

“मावशी,” हैबतराव म्हणाले, “तुम्ही सांगाल ते करतो.”

म्हाळाबाईनं डोळे पुसले. पालाजवळचं बांबूचं डालगं उचललं. खालून एक कोकरू काढलं, आणि काही न सांगता हैबतरावांच्या हातात दिलं. मग दुधाची वाटी आणि चिंधीची वात त्यांच्यापुढं ठेवली.

“त्या मेंढीचं हाय. आट दिसाचं. दुसरी मेंढी जवळ करंना. माज्या हातनं थेंबभर पितंय आन् त्वांड फिरीवतंय. बगा तुमी.”

आणि ती सुनेकडे गेली.

हैबतराव तिथंच मातीत बसले. पँटीची घडी मोडली. त्यांनी वात दुधात बुडवली, कोकराच्या तोंडाशी नेली. कोकरानं मान वळवली. पुन्हा बुडवली. कोकरानं लाथ मारली, दूध मांडीवर सांडलं. त्यांनी वात तिसऱ्यांदा बुडवली. 

वस्ताद जवळ येऊन उकिडवे बसले. त्यांनी हात पुढं केला नाही.

हैबतरावांनी वात तशीच धरून ठेवली. वर उचलली नाही, पुढं रेटली नाही.

बऱ्याच वेळानं वात ओढल्यासारखी झाली. एकदा. मग परत.

 हैबतरावांनी तोंड वस्तादांकडे केलं.

“वस्ताद, एवढं तरी सांगा, मी आता पुढं काय—”

“हळू बोला,” वस्ताद म्हणाले. “कोकरू पितंय.”