दुसऱ्याच्या दारातल्या वहाणा

पांघरूण घ्या अंगावर. हां. आता ऐका.

एक होता राजा. त्याच्या नगराभोवती होता दगडी तट, आणि तो तट जिवंत होता, बरं का. बाहेरचं कुणी राहायला आलं, की तट हातभर मागं सरायचा. येणाऱ्याला जागा करून द्यायचा. मग त्या जागेत नवं घर उभं राहायचं.

नगरात तीन तऱ्हेची माणसं. कुणी दिव्याला हात जोडायची, कुणी डोहाला. तिसऱ्यांचा देव दिसत नसे. ती एका मोकळ्या खोलीत नुसती डोळे मिटून बसायची. सगळी एकाच बाजारात भांडायची आणि एकाच बाजारात हसायची.

मग एकदा काय झालं, एक परका माणूस आला. गोड बोलायचा. राजानं त्याला घर दिलं. आणि एका सकाळी त्यानं दिव्याच्या देवळात शिरून तिथला जुना मातीचा दिवा फोडला. म्हणाला, "हा देव खोटा." देवळातली म्हातारी पुजारीण ते तुकडे ओटीत घेऊन बसली. तिला घास गिळवेना. राजानं त्या माणसाला घालवून दिलं, लोकांनी नवा दिवा लावला. पण राजाच्या मनात भीती बसली ती बसलीच.

मग त्यानं हुकूम काढला. वेशीवरच्या म्हादबा राखणदारानं येणाऱ्या प्रत्येकाला विचारायचं, "दुसऱ्याच्या देवाला मान देशील का?" हो म्हणेल तो आत. नाही म्हणेल तो परत.

पहिला आला एक व्यापारी. म्हादबानं विचारलं. व्यापारी हसला. "अहो, सगळे देव माझेच." गेला आत. पण तट मागं सरला नाही. उलट हातभर पुढं आला, नगराच्या अंगावर.

मग आला एक शास्त्री. "तिन्ही ठिकाणी लोटांगण घालतो," म्हणाला, "आणखी देव असले तर तेही दाखवा." म्हादबा म्हणाला, "पुरे, पुरे. जा आत." तट आणखी पुढं आला. कडेच्या घरांची अंगणं गेली.

मग आली बायजा. कडेवर तिची लेक चिमी. म्हादबानं तिलाही विचारलं.

"खरं सांगू का गोड सांगू?" बायजा म्हणाली.

"खरं सांग, बाई."

"मग मला नाही ठाऊक. माझा देव हा, पदराच्या गाठीतला काळा गोटा. दुसऱ्यापुढं मी वाकणार नाही."

"मग परत जा."

"परत कुठं जाऊ? माझं गाव नदीनं नेलं, दादा."

म्हादबानं मान खाली घातली. पण हुकूम तो हुकूम. "ऊन उतरेपर्यंत त्या लिंबाखाली बस," तो म्हणाला. "मग निघ."

त्याबरोबर तट कण्हला. असा पुढं आला की घरांच्या भिंतींना भेगा गेल्या. लेकरं रडायला लागली. राजा धावत वेशीवर आला.

दिव्याचं देऊळ वेशीच्या बाहेरच होतं, त्या लिंबाजवळ. माणसं दुपारच्या पूजेला आत गेलेली. त्यांच्या वहाणा बाहेर उन्हात पडलेल्या. ऊन कसलं, आगच ती. वहाणांचं कातडं वाकडं व्हायला लागलेलं.

लिंबाची सावली होती एवढीशी. बायजानं तिथं चिमीला बसवलं. मग तिची नजर वहाणांकडं गेली. एक जोड होता अगदी चिमुकला. दुसऱ्या एका मोठ्या जोडाचा अंगठा तुटलेला, सुतळीनं बांधलेला. ती उठली. वहाणा ओंजळीओंजळीनं उचलल्या आणि सावलीत जोडीनं लावल्या. सावली भरून गेली. चिमी कडेला सरली आणि बायजा उन्हात बसली.

"आई, ह्या आपल्या आहेत?"

"नाही."

"मग आपल्या देवाच्या?"

"नाही गं. कुणाकुणाच्या पायांच्या आहेत. पाय भाजतील त्यांचे."

पूजा झाली. म्हातारी पुजारीण बाहेर आली, बघते तर वहाणा नाहीत. "नेल्या," ती म्हणाली. "दिवा फोडला, आता वहाणाही नेल्या परक्यांनी." मग तिला लिंबाखालची ओळ दिसली, आणि उन्हात बसलेली बायजा. म्हातारीनं सुतळीच्या वहाणेत पाय घातला. गार होती. तिनं चिमीला जवळ घेतलं.

आणि तट थांबला. बोटभर मागंही सरला.

राजानं हे सगळं पाहिलं. "बाई, तू तर मान देणार नव्हतीस."

"मी दिव्यापुढं वाकले नाही, महाराज. पण ह्यांच्या पायांनी माझं काय वाईट केलंय?"

राजा वहाणांच्या ओळीजवळ आला. मग म्हणाला, "पारख करावीच लागेल. तो फुटलेला दिवा मी विसरणार नाही. पण आता तोंडाला विचारायचं नाही. येईल त्यानं दुसऱ्याच्या दारात वहाणा सांभाळायला बसायचं."

व्यापाऱ्याला बसवलं, तर तो मागच्या वाटेनं निघून गेला. शास्त्रीबुवा नाक धरून बसले. पण बसले. रोज बसता बसता कुठली वहाण कुणाची ते ओळखायला लागले, आणि नाकावरचा हात खाली आला. बायजाला तर सगळेच बोलवायचे.

तरी तट काही सरकेना. भेगा तशाच.

राजानं बायजाला विचारलं, "आता काय राहिलं?"

ती म्हणाली, "महाराज, रागवू नका. आम्हाला बसवलंत, बरोबर केलंत. पण आतल्यांना कधी कुणी बसवलंय का?"

राजाचे वाडवडील डोहाला हात जोडणारे. त्या मोकळ्या खोलीच्या दारात तो जन्मात थांबला नव्हता. त्यानं मुकुट उतरवला, गेला आणि त्या दारात खाली बसला. वहाणा जोडीनं लावल्या. एकीला चिखल होता, तो आपल्या शेल्यानं पुसला. ते बघून डोहाची माणसं उठली, दिव्याची उठली, खोलीतली उठली. जो तो दुसऱ्याच्या दारात जाऊन बसला.

मग तट उठला, बरं का. सावकाश, बसलेली म्हैस उठते तसा. मागं सरला, आणखी मागं सरला. भेगा बुजल्या. मोकळ्या झालेल्या जमिनीवर बायजाचं घर झालं, कोनाड्यात तिचा गोटा बसला. म्हातारी पुजारीण रोज तिच्याकडं यायची, वहाण दाराबाहेर काढून. चिमी ती उचलून सावलीत ठेवायची. अशी सगळी सुखानं राहिली.

आता डोळे मिटा. तुमच्या चपला अंगणात कशाही पडल्यात. असू देत. मी लावतो जोडीनं. झोपा.