मुळं वर, शेंडा खाली

घाटातून बैलगाडी उतरवायची म्हणजे चार माणसांनी मागून दोर धरायचे, अशा काळातली ही गोष्ट. सातविणकोंडात आज विचाराल तर कुणी म्हणेल शंभर वर्षं झाली, कुणी म्हणेल दोनशे. साल कुणालाच सांगता येत नाही. पण ठकू मांडवकर कुठल्या खडकावर बसून भाकरी खायची, तो खडक मात्र गावातलं शेंबडं पोरही दाखवील.

कोंडाच्या, म्हणजे वाडीच्या, वरच्या अंगाला साळव्यांचं रान होतं. होतं कशाला, अजून आहे. मालकी रान, साळवी खोतांच्या सात पिढ्यांचं. ऐन, किंजळ, जांभूळ, भोकर, अशी जुनी झाडं आणि मधोमध एक झरा. साऱ्या कोंडाचं पिण्याचं पाणी त्या झऱ्याचं. खोतांच्या कुणा पणजोबाने पटकीच्या साथीत वाघजाईला शब्द दिला होता, की माझी माणसं वाचव, या रानात लोखंड शिरू देणार नाही. माणसं वाचली. तेव्हापासून रानाच्या दगडी गडग्यापाशी कोयत्या-कुऱ्हाडी काढून ठेवायच्या आणि मगच आत पाऊल टाकायचं, असा दंडक पडला. सरपण न्यायचं ते पडलेलं, हाताने मोडून.

ठकू या कोंडात सून म्हणून आली तेव्हा सतरा-अठरा वर्षांची असेल. त्या साली घाटमाथ्यावर रस्त्याचं काम निघालं होतं. ती नवऱ्याबरोबर खडी फोडायला गेली. तिथे एका साहेबाच्या बंगल्याला झुडपांचं कुंपण होतं आणि त्यावर लाल-पिवळ्या फुलांचे बारीक बारीक गुच्छ. ठकूने असली फुलं कधी पाहिली नव्हती. परत येताना तिने चार काड्या मोडून ओल्या फडक्यात गुंडाळल्या आणि साळव्यांच्या रानाचा गडगा जिथे ढासळला होता तिथे खोचल्या. काड्या रुजल्या. दोन वर्षांत तिथे असं कुंपण झालं की गुरं तोंड लावीनात आणि माणूस घुसेना. थोरले खोत खूश झाले. त्यांनी ठकूला हिरवं लुगडं दिलं. ते नेसून ती शेजारणींच्या अंगणात मुद्दाम दोन दोनदा गेली, असं म्हणतात. जाणारच. नवं लुगडं काय रोज मिळतं?

ती झुडपं म्हणजे घाणेरी.

घाणेरीला हिरवी फळं धरली, मग ती काळी झाली. बुलबुलांनी ती खाल्ली आणि रानातल्या झाडांवर बसून बिया खाली टाकल्या. प्रत्येक झाडाखाली एक घाणेरी उगवली. मग दोन, मग दहा. लोखंड चालत नव्हतं, म्हणून कुणी तिला हात लावला नाही. फुलं वाघजाईला वाहिली, एवढंच. थोरले खोत गेले, ठकूचा नवरा गेला, तिचे केस पिकले, आणि तोवर रानात पाय ठेवायला जागा उरली नाही. गवत मेलं. जांभळाखाली जांभळाचं रोप उगवेना. झऱ्याची वाट काट्यांनी बुजली. बायका पाण्यासाठी कोसभर खाली नदीवर जाऊ लागल्या. डुकरं दिवसभर घाणेरीत लपायची आणि बाहेर पडून भात तुडवायची.

घाणेरीचं बी कुठून आलं, हे लोक विसरून गेले होते. पाखरांनी आणलं म्हणायचे. ठकू विसरली नव्हती. नदीवरून हंडा आणताना कुठली पोटुशी बाई वाटेत टेकलेली दिसली, की ठकूच्या घशाखाली घास उतरायचा नाही.

एका वैशाखात चारा सरला आणि दाजी खोताच्या दोन दुभत्या गाई भुकेपोटी घाणेरीचा पाला खाऊन बसल्या. त्यांची कातडी सोलवटली, डोळे पिवळे झाले, चार दिवसांत दोन्ही गेल्या. दाजी हा थोरल्या खोतांचा मुलगा. माणूस सरळ, पण डोकं कायम तापलेलं. त्याने वाघजाईच्या सहाणेवर, देवीची पालखी टेकते त्या चौथऱ्यावर, गाव बोलावलं.

"रानात लोखंड चालत नाही," दाजी म्हणाला. "पण विस्तव चालत नाही, असं माझ्या पणजोबाने कुठं म्हटलंय? रान पेटवायचं."

आणि गंमत अशी की, गावाला ते पटलं. लोखंडाचा शब्द मोडायला कुणी धजत नव्हतं, पण सगळं रान जाळून टाकलं तर शब्द शाबूत राहतो, असा हिशेब सगळ्यांना एकदम बरोबर वाटला. फक्त कुणीतरी म्हणालं, आता वळवाने जमीन ओली झालीय, धड पेटायचं नाही, शिमग्याला पेटवू. ठरलं.

ठकू मागे बायकांत बसली होती. ती उठली.

"दाजी, मना शिमग्यापातूर येळ द्या. घाणेरी मी काढते."

"काय करणार तू? दातांनी कुरतडणार?"

सगळे हसले. ठकूही हसली. "दात कुठं ऱ्हायलेत, दाजी? हातानं काढीन."

"काढ बापडी," दाजी म्हणाला. "शिमग्याला मी चूड घेऊन येतो."

ठकूने खैराचा एक दांडका घेतला, त्याला टोक काढलं आणि चुलीत भाजून ते कडक केलं. हातांना जुन्या घोंगडीचे तुकडे बांधले आणि ती रानात शिरली. तिकडे गडग्याबाहेर, जिथे लोखंडाला बंदी नव्हती, तिथे गावातले तरणे गडी कोयत्या घेऊन भिडले आणि दुपारपर्यंत त्यांनी सपाट मैदान केलं. ठकूची तोवर सात झुडपं निघाली होती. गड्यांनी तिची थट्टा केली. महिन्याभरात पाऊस लागला आणि गड्यांच्या मैदानात छाटलेल्या प्रत्येक बुंध्याला चार-चार कोंब फुटले. ठकूने दांडका खाली खोल घालून मूळच उपटलं होतं, तिथे काही उगवलं नाही. लोखंडाने तोडलेली घाणेरी परत येते आणि लाकडाने उकरलेली जाते, हे या गावाला असं कळलं. शब्द पाळला म्हणून कळलं, हेही खरं.

पण एवढ्यावर भागलं नाही. उपटलेल्या झुडपांचे ठकूने रानातच ढीग रचले होते. श्रावणात तिने एक ढीग हलवून पाहिला तर हलेना. फांद्या जिथे जिथे मातीला टेकल्या होत्या, तिथे तिथे नवी मुळं धरली होती. दोन महिन्यांचं काम जमिनीला पुन्हा चिकटून बसलं होतं. ठकू त्या चिखलात बसली आणि मोठ्याने रडली. मग तिला असा राग आला की तिने एक झुडूप उचललं आणि दिलं भिरकावून. ते जाऊन ऐनाच्या बेचक्यात उलटं अडकलं. ते तसंच राहिलं. पंधरा दिवसांनी ठकूची नजर वर गेली, तर ते पावसातसुद्धा वाळून काटकी झालं होतं.

त्या दिवसापासून तिने प्रत्येक झुडूप उलटं ठेवलं, खडकावर नाहीतर बेचक्यात. मुळं वर, शेंडा खाली.

आता पुढचं जे सांगतात ते जसं ऐकलं तसं सांगतो. असं म्हणतात की तिचा दांडका एखाद्या मुळाशी अडला, की दुसऱ्या टोकाला कुणीतरी जोर लावायचं आणि ठकू वर बघायची तर तिथे कुणी नसायचं, फक्त काकणं वाजायची. असं म्हणतात की ती भाकरी खायला बसायची तेव्हा वाघ येऊन पलीकडच्या खडकावर बसायचा, आणि ती त्याला म्हणायची, बसलायस तर बस, पन मना पानी आनून दे. पाणी आणलं की नाही, यावर गावात दोन तट आहेत. आणि असं म्हणतात की एके दिवशी तिने रानातले सगळे बुलबुल बोलावून त्यांना चांगलं खडसावलं. "माझी चूक तुमी गावभर केलीत," ती म्हणाली. "आता निस्तारायला बी तुमीच लागा." दुसऱ्या वर्षीपासून बुलबुल चोचीत जांभळाची, भोकराची, करवंदाची बी घेऊन यायचे आणि मोकळ्या झालेल्या जागी बरोब्बर टाकायचे.

शिमगा आला. झऱ्याची वाट मोकळी झाली होती, झऱ्याच्या भोवतालचं रान मोकळं झालं होतं. पण एक बाई ती किती काढणार? अर्धं रान तसंच होतं. दाजी चूड घेऊन आला, मागे गाव. ठकू गडग्यापाशी उभी राहिली. तिच्या हातांना घोंगडी बांधलेलीच होती.

"अर्धं राहिलंय, ठकू," दाजी म्हणाला.

"व्हय."

"मग हो बाजूला."

"होते. पन आधी ऐका. ही घाणेरी पाखरांनी नाय आनली. मी आनली. ह्या गडग्यात मी लावली. माझ्या हातची लावनी हाय ही. तुमच्या गाई मी मारल्या, बायांच्या डोईवर नदीचा हंडा मी दिला. जाळायचं तर मना जाळा, रानानं काय केलंय?"

गावाने तिला त्या वेळी शिव्या दिल्या असत्या तरी ठकूने ऐकून घेतल्या असत्या. मग गर्दीतली एक म्हातारी हळूच म्हणाली, "हिरवं लुगडं. व्हय गो, आठवलं." आणि दाजीलाही आठवलं. तो तेव्हा आठ वर्षांचा होता. बापाने ते लुगडं त्याच्याच हातून ठकूला देवविलं होतं.

"म्हणजे लावलीस तू, आणि त्याबद्दल बक्षीस दिलं आम्ही," दाजी म्हणाला. चूड त्याच्या हातात जळत होती आणि आता तिचं काय करावं ते त्याला सुचेना.

ठकूनेच वाट काढून दिली. "तो वरचा कोपरा पेटवा," ती म्हणाली. "बाकीचं नागपंचमीपातूर ठेवा. मग येऊन बघा आनि काय ते करा."

दाजीने कोपरा पेटवला. घाणेरी तडतडून जळली, तीन ऐनही होरपळले. ठकूने मोकळ्या केलेल्या जागेशी येऊन आग थांबली, कारण पुढे जळायला काही नव्हतंच. आग तिच्या पायांपाशी येऊन मांजरासारखी बसली, असंही म्हणतात.

नागपंचमीला दाजी एकटा रानात गेला. जाळलेल्या कोपऱ्यात घाणेरी कमरेएवढी झाली होती, पूर्वीपेक्षा दाट. ठकूच्या भागात गवत होतं, आणि गवतात जांभळाची बोटभर रोपं. दाजीने ती मोजायला घेतली आणि मध्येच सोडून दिली. ठकू पलीकडे खाली वाकून उकरत होती. दाजी तिच्याजवळ गेला आणि म्हणाला, "दुसरा दांडका आहे का?"

"हाय," ठकू म्हणाली. "पन हातास्नी काय तरी बांधा, खोत."

खोत माती उकरतोय म्हटल्यावर गाव घरी बसेना. घरटी एक माणूस, हातात खैराचा दांडका, कोयत्या गडग्याबाहेर. किती वर्षं लागली? कुणी सात म्हणतं, कुणी बारा. झऱ्यावर पुन्हा हंडे लागले. डुकरांची लपण गेली, ती डोंगरापल्याड गेली. आणि ठकूला सगळं गाव ठकूआई म्हणू लागलं.

मग ती थकली. अंथरुणाला खिळली, नजर गेली. रोज दिवेलागणीच्या आधी माणसं रानातून उतरली, की ती पडल्या पडल्या विचारायची, "संपली का?" आणि कुणीतरी म्हणायचं, "नाय गो आई, एक ऱ्हायली." मग ती झोपायची. पण एके दिवशी तिचा जीव फार घाबरा झाला. लोकांना वाटलं, आता हिला सुखाने जाऊ द्यावं. तिने विचारलं, "संपली का?" दाजी तिचा हात धरून म्हणाला, "संपली, ठकूआई. एकसुद्धा नाही."

ठकू उठून बसली. जी बाई महिनाभर कुशीवर वळली नव्हती, ती उठली, कोपऱ्यातला दांडका चाचपून घेतला आणि चालायला लागली. अडवायची कुणाची छाती झाली नाही. डोळ्यांनी दिसत नसताना ती चढ चढून रानात गेली, सरळ आपल्या भाकरीच्या खडकामागे हात घातला आणि वीतभर रोप उपटून दाजीच्या हातावर ठेवलं. "संपली म्हनू नका," ती म्हणाली. "म्हटलात की ती येते." मग ती खडकाला टेकून बसली, आणि तिथेच गेली.

सातविणकोंडात आजही आषाढातल्या पहिल्या उघडिपीच्या दिवशी घरटी एक माणूस साळव्यांच्या रानात जातं. लोखंड बाहेर राहतं. खोतांच्या घरचा माणूसही दांडका घेऊन वाकतो, शहरातून गाडीने आलेला असला तरी. पुण्या-मुंबईची पोरं तर हातमोजे घालून येतात, आणि म्हाताऱ्या त्यांना हसतात. प्रत्येक जण घाणेरीचं निदान एक रोप मुळासकट उपटतो, "माझ्या हातची लावनी हाय," असं म्हणतो आणि ते खडकावर उलटं ठेवतो. ज्याने आयुष्यात कधी काही लावलं नाही तोही म्हणतो. एकदा एका नव्या सुनेने विचारलं होतं, मी तर काल आले, माझी कशी? सासू म्हणाली, "उपट आधी. मग भांडू."

आता रोपं फार सापडत नाहीत. कधी कधी तर दुपारपर्यंत सगळं रान पालथं घालूनही हात रिकामे राहतात. तरी उतरायच्या आधी सगळे झऱ्यापाशी जमतात आणि गावातली सगळ्यांत म्हातारी बाई विचारते, "संपली का?"

सगळं गाव एका आवाजात सांगतं, "नाय गो आई, एक ऱ्हायली."

आणि ठकूआईला निजू देतात.