तोंडात बोळा, म्हणे संमती!

गोजराच्या बापाची एक दाढ दुखत होती. राजवैद्य दामोदरपंतांनी शेजारच्या दोन धडधाकट दाढा उपटल्या, दुखरी तशीच ठेवली, आणि उद्या पुढचे दात काढायला बोलावलं! बाप सनई वाजवणारा. पुढचे दात गेल्यावर तो सनई कशी धरणार आणि घर काय खाणार? गोजरा तडक दरबारात गेली.

"महाराज, पंत न विचारता दात काढतात!"

"विचारतो तर!" पंत गरजले. "रोग्याला चौरंगावर बसवतो, तोंडात कापडाचा बोळा घालतो, चिमटा उचलतो आणि विचारतो, 'काढू ना?' रोगी 'आँ' म्हणतो. झाली संमती! पस्तीस वर्षांत 'नाही' म्हणणारा एक रोगी भेटला नाही!"

राजा प्रचंडसेनाला ते पटलं. आणि त्याच्या डोक्यात एकदा शिरलेलं उपटायला पंतांचा चिमटाही पुरला नसता!

"पोरी, चौरंगावर बसून 'नाही' म्हणणारा एक माणूस आजच्या आज आण. नाहीतर उद्या बापाबरोबर तुझेही दात काढवतो!"

दरबारी गालात हसले. गोजरा विचार करू लागली. असा माणूस आणायचा कुठून? बोळा कोंबल्यावर ब्रह्मदेवसुद्धा 'आँ'च म्हणेल! पण मग तिचे डोळे चमकले.

"आणते, महाराज. आधी पंतांनी स्वतः बसून रीत तेवढी दाखवावी."

पंत मोठ्या रुबाबात चौरंगावर बसले आणि त्यांनी आ वासला. गोजराने बोळा कोंबला, चिमटा उचलला.

"पंत, बत्तीसच्या बत्तीस काढू ना?"

"आँ! आँ! आँऽऽ!" पंत हातपाय झाडू लागले.

"तीनदा संमती!" म्हणत तिने चिमटा थेट दाताला लावला.

"थांब!" राजा ओरडला. "आंधळी आहेस का? तो नाही म्हणतोय!"

गोजराने चिमटा खाली ठेवून मुजरा केला. "मग झालं, महाराज! चौरंगावरून 'नाही' म्हणणारा माणूस मागितला होता, हा घ्या. साक्षीदार तुम्हीच!"

मग राजा असा खदखदून हसला की मुकुट कानावर आला!

"आजपासून चिमटा गोजराकडे! कुठला दात, कशासाठी, काढल्यावर काय होईल, हे पंतांनी रोग्याला समजवायचं. रोग्याने ते मोकळ्या तोंडाने गोजराला सांगितलं आणि वर 'काढा' म्हटलं, तरच पंतांना चिमटा मिळेल! काय पंत, मान्य?"

"थांबा महाराज," गोजरा म्हणाली, "आधी त्यांचा बोळा काढते."

राजाने हसत हसत हातातलं सोन्याचं कडं उतरवून तिला दिलं आणि तिच्या बापाला, उरलेल्या सगळ्या दातांसकट, नगारखान्यात सनईवर नेमलं.